पर्यटनाचा तास लेण्यात घ्या

गेली अठरा वर्षं मी वेरूळ-अजिंठ्याला गाइड आहे. बरेच दिवस मनात साचलेलं आज लिहिते आहे, पोस्ट लांबली तरी शेवटपर्यंत वाचा.

मागच्या हिवाळ्यात जवळच्याच एका शाळेची दहावीची मुलं वेरूळला आली होती. दहावीच्या इतिहासात ‘पर्यटन आणि इतिहास’ असा अख्खा धडा आहे. मुलांनी पर्यटनाचे प्रकार धडाधड म्हणून दाखवले, थॉमस कुकचं नावही आलं. मग मी विचारलं, “आपल्या वेरूळला माणसं कशाला येतात?” सगळी गप्प. एक मुलगी हळूच म्हणाली, “देवाला.” चूक नव्हतं तिचं, घृष्णेश्वर इथंच आहे. पण १९८३ पासून जागतिक वारसा यादीत असलेली ही लेणी तिच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि त्यांच्याबद्दल पाहुण्याला सांगायला तिच्याकडे एक वाक्य नव्हतं.

त्यांना सोळा नंबरच्या लेण्यात, कैलास मंदिरात नेलं. हे वरून खाली कोरत आणलंय, आधी कळस मग पाया, एवढं सांगून मी थांबले. मागे उभा असलेला एक मुलगा अंगणाच्या कड्याजवळ गेला आणि दगडावरून हात फिरवत राहिला. म्हणाला, “मॅडम, माझे आजोबा पाट्याला टाकी लावायचे. अशाच खुणा उठायच्या.” मग त्यानंच बाकीच्यांना दाखवलं: टाकी कशी तिरकी धरतात, घाव कुठून कुठं जातो, जोर जास्त झाला तर कपचा कसा उडतो. सगळी पोरं त्याच्याभोवती गोळा. शेवटी एकीनं विचारलं, “इथं चुकलं असतं तर?” तो म्हणाला, “चुकलं की गेलं. दगड परत चिकटत नाही.” आठव्या शतकातल्या राष्ट्रकूटांच्या कारागिरांबद्दल याहून चांगलं मी अठरा वर्षांत बोललेले नाही. वर्गात हा मुलगा मागच्या बाकावर बसतो, असं त्याच्या सरांनी नंतर सांगितलं.

पर्यटन शिकवणं मला हे वाटतं. आपल्या घरात, गावात जे आहे ते आधी नीट बघायला शिकवायचं, मग ते दुसऱ्याला सांगायला. व्याख्या नंतरही पाठ करता येतील.

आता मोठ्यांचं. आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पर्यटन प्रशासनाचा स्वतंत्र विभाग आहे. देशपातळीवरची पर्यटन आणि प्रवास व्यवस्थापन संस्थाही १९८३ चीच. म्हणजे विषय नवा नाही. तरी घरी अजून हेच ऐकायला मिळतं, “मार्क कमी पडले, मग टुरिझमला घातलं.” मला याचा फार त्रास होतो. माझ्याबरोबर इंटर्नशिपला आलेल्या एका मुलाला तिकीट बुकिंगचं सॉफ्टवेअर छान येत होतं, हुशार होता. पण अजिंठ्याला एका पाहुण्यानं चित्रासमोर फ्लॅश मारायला मोबाइल वर केला, तर हा म्हणाला, “सर, एकच काढा, पटकन.” तिथंच मी त्याला बाजूला घेतलं. श्वासातल्या ओलाव्यानंसुद्धा त्या चित्रांना इजा होते, म्हणून गर्दी आवरावी लागते; आणि गाड्यांचा धूर लेण्यांपर्यंत पोचू नये म्हणून आपली गाडी फर्दापूरच्या टी पॉइंटला सोडून पुढं बसनं यावं लागतं. त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. पाहुण्याला गोड बोलून ‘नाही’ म्हणता येणं हा या धंद्यातला सगळ्यात अवघड भाग, आणि त्याला अभ्यासक्रमात एक तासही नाही.

एका कॉलेजनं मला व्याख्यानाला बोलावलं होतं. मी म्हटलं, हॉलमध्ये नको, मुलांना वेरूळला आणा, मी पूर्ण दिवस देते, मानधनही नको. उत्तर आलं, परवानगी कोण घेणार, जबाबदारी कोण घेणार, तुम्ही पीपीटी घेऊन या. गेले. साठ मुलं, पडद्यावर कैलासचा फोटो, आणि खिडकीतून डोंगर दिसत होता. परत येताना गाडीत रडू आलं.

माझं मागणं फार नाही. शाळेत या विषयाची तोंडी परीक्षा गावातल्या एखाद्या जागेवर घ्या, मग ते लेणं असो, गढी असो, बारव असो नाहीतर आठवडी बाजार. मुलानं अनोळखी माणसाला दहा मिनिटं ती जागा दाखवावी, आपल्या भाषेत. पदवीला एक परदेशी भाषा बोलता येईल इतकी शिकवा. अजिंठ्याला जपानहून, कोरियाहून बौद्ध यात्रेकरू येतात, त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारा माणूस आम्हाला शोधावा लागतो. प्रथमोपचार शिकवा. गुडघे दुखणाऱ्या आजीला कुठली लेणी दाखवायची आणि कुठल्या पायऱ्या टाळायच्या, तेही.

आणि मुलांना खरं सांगा. मार्च २०२० मध्ये लेणी बंद झाली तेव्हा आमच्या घरात एक रुपया येत नव्हता. दिवाळी ते फेब्रुवारी धावपळ, मे महिन्यात शुकशुकाट. हे माहीत असूनही ज्याला यायचं आहे त्यानं यावं, त्याला मी हाताला धरून शिकवीन.

कुणी शिक्षक हे वाचत असतील तर मंगळवारी वेरूळ बंद असतं. बाकी कुठल्याही दिवशी सकाळी लवकर मुलांना घेऊन या. दहा नंबरपासून सुरुवात करू, सुतार लेण्यापासून. तिथं छताला दगडातच वासे कोरलेत, अगदी लाकडासारखे. ते कशाला, हे मुलांनाच विचारू.