खोबरेल फवारून ऊस क्षाराला तगत नाही

चिकोडी, अथणी, रायबागकडच्या शेतकरी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘प्रथिनांना फॅटी ॲसिड चिकटलं की पीक क्षार सोसतं, हे शास्त्रानं सिद्ध केलंय. खोबरेल तेलात तेच ॲसिड असतं. पानांवर एकदा फवारा, क्षारपड रानातही ऊस उभा राहील, रोगही येणार नाही.’ पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे, म्हणूनच पुढची खोटी वाक्यं गळी उतरतात.

ॲराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपात एसओएस-३ नावाचं प्रथिन असतं. मुळांशी सोडियम वाढला की पेशीतल्या कॅल्शियमची पातळी बदलते. ते या प्रथिनाला कळतं आणि सोडियम बाहेर काढणारी यंत्रणा सुरू होते. त्याच्या टोकाच्या ग्लायसिनला (प्रथिनाचा एक घटक, अमिनो ॲसिड) मिरिस्टिक ॲसिड या फॅटी ॲसिडची १४ कार्बनची साखळी जोडलेली असते. २००० साली संशोधकांनी ते ग्लायसिन बदललं. साखळी जोडली गेली नाही, आणि प्रथिन असूनही रोप क्षारात तगलं नाही.

आता खोबरेल. त्यात मिरिस्टिक ॲसिड साधारण १८ टक्के असतं खरं, पण ते सुटं नसतं, तेलातल्या ग्लिसरॉलला बांधलेलं असतं. बहुतेक तेल पानावरच्या मेणावरच बसून राहतं. शिवाय रोप आपली फॅटी ॲसिडं स्वतःच बनवतं, आणि जोडणी करणारं एन्झाइम टोकाला ग्लायसिन असलेली ठरावीक प्रथिनंच निवडतं. कुठली निवडायची ते प्रथिनाच्या रचनेवर ठरतं, तेलाच्या मात्रेवर नाही.

‘एकदा फवारा’ हेही चूक. मिरिस्टिकची जोड पक्की असली तरी प्रथिनंच मोडतात आणि नवी बनतात. सिस्टीन या दुसऱ्या अमिनो ॲसिडवरची, पामिटिक या दुसऱ्या फॅटी ॲसिडची जोड तर रोप लावतं आणि काढतंही.

रोगाचा दावा मला सर्वांत घातक वाटतो. स्युडोमोनास सिरिंजी या जीवाणूची काही प्रथिनं पेशीत शिरून रोपाच्याच एन्झाइमकडून मिरिस्टिक ॲसिड लावून घेतात, पेशीच्या पडद्याला चिकटतात आणि रोपाचं संरक्षण आतून मोडतात. म्हणजे ही जोडणी रोगालाही कामी येते!

फवारल्यावर कुणाला फरक दिसला असेल, तर तेलानं मावा गुदमरला असेल. नीट न मिसळलेलं तेल उन्हात पान करपवतं, तेही लक्षात ठेवा.

कृष्णाकाठची रानं जादा पाण्यानं आणि निचऱ्याअभावी बिघडली आहेत. पैसा घालायचा तर जमिनीखालच्या निचऱ्याच्या पाइपांत घाला, उसाचं पाणी आवरा, आणि जिप्सम टाकण्याआधी माती तपासून घ्या. जमीन चोपण, म्हणजे सोडियमनं बिघडलेली, असेल तरच ते लागतं.