पितळी पुंगळीला ‘पाणी पाजता’ येत नाही

काडतुसाची रिकामी पुंगळी पुन्हा वापरण्यापूर्वी तिचं तोंड तापवून लगेच पाण्यात टाकावं, नाहीतर पितळ कडक होतं, असं सध्या ठासून सांगितलं जातंय. हे चूक आहे. पाणी पाजून, म्हणजे तापवून झटकन पाण्यात बुडवून, कडक होतं ते पोलाद. पुंगळीचं पितळ म्हणजे सुमारे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. ते तापवून झटकन थंड करा किंवा हवेत निवू द्या, मऊच होतं. त्याला कडकपणा येतो तो थंड अवस्थेतल्या ताणामुळे. बार उडाला की मान, म्हणजे तोंडाजवळचा गोळी धरणारा भाग, फुगते; पुन्हा मापात आणायला साच्यात घातली की आवळते. असं होता होता ती ताठरते आणि एक दिवस तोंडाशी उभी चीर पडते.

मग पाणी कशाला? उष्णता बुडाकडे उतरू नये म्हणून, एवढंच. बूड मात्र कडकच हवं, बाराचा दाब तेच झेलतं. बूड मऊ पडलेली पुंगळी सरळ बाद करावी, यात तडजोड नाही.

आणि लष्करी पुंगळ्यांच्या मानेवर दिसणारा निळसर-तपकिरी पट्टा? तो तापवल्याचाच डाग, खराबी नव्हे. बाजारातल्या पुंगळ्यांवरचा बहुधा घासून काढलेला असतो.