गोळी बंद करण्याआधी मिठाच्या पुड्यावर तारीख लिहा

उच्च रक्तदाबाची गोळी 21 दिवसांत कायमची सुटते, असे सांगणारा एक संदेश गेले काही आठवडे कोल्हापुरातल्या तालमींच्या, भिशीच्या आणि भजनी मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांवर सारखा फिरतो आहे. त्यातले दावे थोडक्यात असे: आपल्या वयात 100 मिळवून येईल तेवढा रक्तदाब नैसर्गिकच असतो, 120/80 चा आग्रह हा परदेशी औषध कंपन्यांचा डाव आहे, साध्या मिठाऐवजी सैंधव वापरावे आणि सकाळी उपाशीपोटी लसणाच्या दोन पाकळ्या चावून खाव्यात, आणि गोळी लगेच बंद करावी, कारण तिची शरीराला सवय लागते. गंगावेशीत माझे औषधांचे दुकान आहे. हा संदेश मोबाइलवर दाखवून "ह्या महिन्यात बीपीचं पाकीट नको" असे सांगणारे चौघे जण मला या काही आठवड्यांत भेटले, म्हणून हे उत्तर लिहितो आहे. आहाराने आणि चालण्याने रक्तदाब उतरतो, हे मला पूर्ण मान्य आहे. माझा आक्षेप आहे तो किती उतरतो हे न सांगता गोळी टाकून द्यायला लावण्याला.

त्या चौघांपैकी एक जण करवीर तालुक्यातले, वय 71, तरुणपणी कुस्ती केलेले. गोळी सोडून त्यांना दहा दिवस झाले होते आणि डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणजे सगळे ठीक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांना पाच मिनिटे शांत बसवून मी दंडाला पट्टा बांधला, तेव्हा यंत्राने 178/104 दाखवले. दुसऱ्यांदा मोजले तरी आकडा फारसा हलला नाही. ते मात्र बोटांवर हिशेब करून म्हणाले, "एकाहत्तर आणि शंभर, एकशे एकाहत्तर झाले की. सातच तर जास्त हाईत."

वयात 100 मिळवण्याचे हे सूत्र कोणी आज रचलेले नाही. रक्तदाबावर सुरक्षित औषधे नव्हती त्या काळात ते डॉक्टरांच्याही तोंडी होते, कारण वयाबरोबर चढणारा दाब बहुतेकांत दिसतो आणि जे बहुतेकांत दिसते ते नैसर्गिक मानले जाते. पण नैसर्गिक वाटणारी गोष्ट निरुपद्रवी असतेच असे नाही. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत वयाची 80 वर्षे ओलांडलेल्या आणि वरचा आकडा 160 किंवा त्याहून अधिक असलेल्या 3,845 जणांपैकी काहींना औषध आणि काहींना औषध नसलेली गोळी देण्यात आली. औषध घेणाऱ्यांत एकूण मृत्यू 21 टक्क्यांनी कमी झाले आणि हृदय निकामी होण्याचे प्रमाण निम्म्याहूनही खाली आले. या सूत्राप्रमाणे 80 वर्षांच्या माणसाला 180 पर्यंत काही करायचे कारणच नव्हते. डोके दुखत नाही हा पुरावाही टिकत नाही, कारण वाढलेला दाब बहुतेकांना वर्षानुवर्षे जाणवतच नाही आणि तेवढ्या काळात मेंदूच्या, डोळ्यांच्या व मूत्रपिंडांच्या बारीक रक्तवाहिन्यांचे नुकसान होत राहते.

परदेशी कंपन्यांच्या डावाबद्दल मी थोडक्यात सांगतो. रक्तदाबावरच्या आधुनिक औषधांच्या इतिहासात आपल्या सर्पगंधेचे स्थान मोठे आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये सर्पगंधेच्या परिणामांविषयीचा आपला अनुभव ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडला, तेव्हा जगाचे लक्ष या मुळीकडे वेधले गेले. तिच्यातून काढलेले औषध पुढे मागे पडले, ते नैराश्यासारख्या दुष्परिणामांमुळे आणि त्याहून सौम्य औषधे हाती आल्यामुळे. मी गोळ्या विकतो म्हणून त्यांची बाजू घेतो, अशी शंका कोणाला आली तर ती रास्त आहे, आणि तिला माझे उत्तर एवढेच की नेहमीच्या गोळ्या जन औषधी केंद्रात अगदी स्वस्त आणि सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. तिथून घ्या, पण बंद करू नका.

आता मिठाकडे वळू, कारण कोल्हापूरकरांच्या दृष्टीने खरा मुद्दा हाच आहे. सैंधव मीठ खाणीतून निघते, त्याचा रंग गुलाबी असतो आणि त्यात इतर खनिजे अंशमात्र असतात, हे खरे आहे. पण ते जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइडच असते, आणि दाब वाढवतो तो सोडियमच. औषधी समजून ते सढळ हाताने घातले गेले तर उलट नुकसानच होईल. आपल्याकडे दुसरा गैरसमज असा की तिखटामुळे बीपी वाढते. तांबड्या रश्श्याचा दोष मिरचीत नाही, मिठात आहे. उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेल्या वर्षाच्या चटणीत ती टिकावी म्हणून मीठ घातलेलेच असते, ही गोष्ट रश्श्यात वरून पुन्हा मीठ घालताना आपल्या लक्षात राहत नाही. त्यानंतर ताटात खर्डा, पापड, लोणचे आणि संध्याकाळी भडंग येते.

जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी सांगितलेली मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मिठाची, म्हणजे साधारण चहाच्या एका सपाट चमच्याची आहे. घरात ती मोजायची कशी, यावर मी एक साधा उपाय केला. मिठाचा एक किलोचा पुडा फोडला त्या दिवशी त्यावर पेनने तारीख लिहिली. आम्ही घरात चौघे मोठे. 5 ग्रॅमच्या हिशेबाने तो 50 दिवस पुरायला हवा होता. तो 27 दिवसांत संपला, म्हणजे माणशी 9 ग्रॅमहून अधिक, आणि बाहेरचे फरसाण व बेकरीची खारी यात धरलेलीच नाही. भातात आणि भाकरीच्या पिठात मीठ घालणे थांबवले, ताक बिनमिठाचे केले, पापड रोजचा आठवड्यावर आणला, तेव्हा पुढचा पुडा 38 दिवस पुरला. पहिले आठ दिवस जेवण अळणी लागले, हे कबूल करतो. पोटॅशियम मिसळलेले कमी सोडियमचे मीठ काहींना उपयोगी पडते, पण मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी किंवा शरीरात पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

लसणाच्या अर्कावर झालेल्या काही चाचण्यांत दाब थोडा उतरलेला दिसला आहे. चटणीत, फोडणीत लसूण जरूर खावा, पण दोन पाकळ्यांवर गोळीचा भार टाकता येणार नाही. त्याहून भक्कम पुरावा संपूर्ण आहाराचा आहे. 1997 साली अमेरिकेत झालेल्या डॅश या चाचणीत भाज्या, फळे आणि कमी स्निग्धांशाचे दूधदुभते भरपूर असलेल्या जेवणाने उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा 8 आठवड्यांत सरासरी 11 ने आणि खालचा 5 ने उतरला. म्हणजे जवळपास एका गोळीएवढे काम जेवणाने केले. पोकळा, मेथी, घेवडा, केळी, साय काढलेल्या दुधाचे ताक, यातले काहीही आपल्या मंडईला परके नाही. वजन जास्त असेल तर एक किलो उतरल्यावर दाब साधारण एका अंकाने कमी होतो, आणि रंकाळ्याच्या काठाने आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास झपझप चालल्याने आणखी काही अंक उतरतात. पण बेरीज प्रामाणिकपणे करा: 178 मधून 11 गेले तर 167 उरतात. शिवाय हा उतार ते जेवण चालू असेपर्यंतच टिकतो. 21 दिवसांनी जुने ताट परत आले की दाबही परत येतो.

राहिला सवयीचा मुद्दा. गोळी सोडल्यावर दाब वाढतो तो सवय लागली म्हणून नव्हे, तर मूळचा दाब तिथेच असतो आणि गोळी त्याला फक्त आवरून धरत असते. काही गोळ्या, विशेषतः हृदयाचे ठोके मंद करणाऱ्या बीटा ब्लॉकर गटातल्या आणि क्लोनिडीन नावाची गोळी, एकदम तोडल्या तर दाब आधीपेक्षाही वर उसळू शकतो. वजन उतरवून, मीठ कमी करून ज्यांची गोळी कमी झाली किंवा सुटली अशी माणसे मी पाहिली आहेत, पण ती डॉक्टरांनी आकडे पाहून टप्प्याटप्प्याने कमी केलेली होती. ते आकडे असे घ्यावेत: सलग 7 दिवस सकाळी गोळी घेण्यापूर्वी आणि संध्याकाळी, चहा-तंबाखूनंतर किमान अर्धा तास सोडून, पाठ टेकून व पाय जमिनीला लावून बसावे आणि दोन-दोन वेळा मोजून वहीत लिहावे.

त्या पैलवान काकांना मी त्याच दिवशी त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले आणि त्यांची टेल्मिसार्टन ही रक्तदाबाची गोळी पुन्हा सुरू झाली. तीन आठवड्यांनी ते वही घेऊन आले. शेवटच्या दिवशीचा आकडा 144/86 होता आणि ताकातले मीठ त्यांनी सोडले होते. पाकीट घेतल्यावर त्यांनी कमी सोडियमच्या मिठाचा पुडाही मागितला. त्यांची गोळी शरीरात पोटॅशियम वाढवणाऱ्यांपैकी असल्यामुळे तो मी परत फळीवर ठेवला आणि आधी रक्तातले क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडाचे काम कळते) व पोटॅशियम यांची तपासणी करून डॉक्टरांना दाखवून या, असे सांगितले.