एम.डी. झालात? छान, आता शिकायला लागा!

अभिनंदन डॉक्टर! साडेपाच वर्षं एमबीबीएस, मग बॉन्ड (म्हणजे सरकारी नोकरीची सक्ती), मग तीन वर्षं एम.डी. पेडियाट्रिक्स. तिशी दारात उभी आहे आणि आत्याने मांडवात, सगळ्यांदेखत विचारून झालंय, "म्हणजे अजून शिकतोयसच का रे?" अशा वेळी कन्सल्टिंग रूम शोधायची सोडून तुम्हाला डी.एम.ची, म्हणजे एम.डी.च्याही वरच्या सुपरस्पेशालिटी पदवीची हुक्की आली, हे उत्तमच झालं.

आधी एक करा, आवड ठरवू नका. नीट-एसएसला, म्हणजे डी.एम.च्या प्रवेशपरीक्षेला, बालरोगवाल्यांचा एकच पेपर असतो. 150 प्रश्न, 600 गुण, अडीच तास, चुकलं की एक वजा. त्याच पेपरावर नवजात अर्भकं, हृदय, मेंदू, किडनी, पोट, कॅन्सर असं सगळं मिळतं. मुलाखत नाही, म्हणजे कांदेपोहेसुद्धा नाहीत. रँक जुळली की थेट बोहल्यावर. निकालापर्यंत हृदयावर प्रेम करा हवं तर, पण किडनीशी बोलणं तोडू नका. (एम्स, पीजीआयवाल्यांची परीक्षा आणखी वेगळी. तिथे पुन्हा सगळं पहिल्यापासून.)

दुसरं, पेशंटपासून जपा. रात्रीचे तीन वाजलेत, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) 900 ग्रॅमचं बाळ, सलाइनची सुई शिरेतून निघालेली. सिस्टर टॉर्च बाळाच्या तळहाताखाली धरते, पंजा लालभडक उजळतो, त्यात केसाएवढी काळी रेघ दिसते. तुम्ही श्वास रोखता, पिवळी कॅन्युला (शिरेत घालायची बारीक नळी) अलगद सरकवता आणि रक्ताचा थेंब मागे येतो. वा! पण याला गुण किती? शून्य. तेवढ्या वेळात 20 एमसीक्यू, म्हणजे पर्यायी प्रश्न, झाले असते. पुढच्या वेळी टॉर्च तुम्ही धरा आणि कॅन्युला ज्युनियरला घालू द्या. दुसरा हात मोबाइलसाठी मोकळा राहतो.

अभ्यासाला रजा मागू नका. बॉस म्हणतील, "अरे, अभ्यास तर वॉर्डातच होतो!" बॉसच्या काळात होतही असेल.

परीक्षेच्या सालावर तर अजिबात विसंबू नका. 2024 ची परीक्षा मार्च 2025 मध्ये झाली. 2021 मध्ये परीक्षा नोव्हेंबरात होती आणि ऑगस्टच्या शेवटी पेपरचा नमुनाच बदलला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. या तरुण डॉक्टरांचा फुटबॉल करू नका, असं कोर्टाने सुनावलं, तेव्हा कुठे नवा नमुना 2022 वर ढकलला गेला. परीक्षाही मग जानेवारीत झाली. तोवर फुटबॉलने दोन्ही नमुन्यांचा अभ्यास केलेला होता, वाया काही गेलं नाही.

पैशाचं म्हणाल तर काउन्सेलिंगला, म्हणजे जागावाटपाला, 2 लाख अनामत भरायची. परत मिळते, नियम नीट पाळलेत तर. महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातून डी.एम. केलंत की पुन्हा एक वर्ष बॉन्ड, मोडलात तर 2 कोटी. 2 कोटी असते तर माणूस रात्री तीनला टॉर्चच्या उजेडात शिरा शोधत बसला असता का, हे विचारायचं नसतं.

समजा, झालात तुम्ही निओनॅटॉलॉजिस्ट, नवजात बाळांचे डॉक्टर. पुढच्या लग्नात आत्या भेटेलच. "लहान मुलांचाच होतास ना रे? आता आणखी किती लहान?"

"28 दिवसांपर्यंतची, आत्या."

ती चार वर्षांच्या नातवाला पुढे ढकलेल. आठवडाभर खोकतोय. तुम्ही पत्रिकेच्या मागे सिरप लिहून द्याल. ती कागद लांब धरून वाचेल आणि म्हणेल, "हेच तर आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी दिलंय!"