आधी पोच घे

धाकट्या भावाने फरसाणाचं दुकान काढायचं ठरवलं, त्याला आता आठ महिने झाले. गाळ्याचं भाडं चालू आहे, कढया आल्यात, आचारी दर महिन्याला फोन करून विचारतो. अडलंय एका ना हरकत दाखल्यावर. सहा खेटे झाले आणि प्रत्येक खेपेला नवी त्रुटी निघाली. आधी भाडेकरार नोंदणीकृत हवा, मग घरपट्टीची पावती हवी, मग ती पावती चालू वर्षाची हवी. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मामांनी निकाल देऊन टाकला: "परवाने प्रकारच बंद करायला हवा. अमेरिकेत बघा, पंधरा मिनिटांत कंपनी!" आणि भावाने मला वेगळा मेसेज टाकला, "ताई, तुमचं बरंय."

मी सतरा वर्षं न्यू जर्सीत राहते. मामांची पंधरा मिनिटं खोटी नाहीत. एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, नोंदवायला इथे 125 डॉलर लागतात, घरबसल्या काम होतं. करखात्याचा ओळख क्रमांक तर फुकट मिळतो आणि बहुतेकांना बसल्या बैठकीत मिळतो. पण कंपनी म्हणजे नुसतं नाव. त्या नावाने चार लाडू विकायचे म्हटले की खरी कहाणी सुरू होते.

न्यू जर्सीत घरच्या ओव्हनमधला केक विकणं 2021च्या ऑक्टोबरपर्यंत बेकायदा होतं. धर्मादाय विक्रीत तो चालायचा, स्वतःसाठी दोन पैसे मिळवायला नाही. देशातल्या बाकी राज्यांनी तोवर काही ना काही सूट दिली होती. इथे विधेयकं यायची आणि सिनेटच्या समितीत पडून राहायची. 2017 मध्ये घरगुती बेकर कोर्टात गेले, त्यानंतर चार वर्षांनी नियम बदलला. आपल्याकडे मात्र 2011 पासून चिवडा-लाडू करणारी बाई वर्षाला 100 रुपये भरून एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी करू शकत होती. हे मी ग्रुपवर लिहिलं, तर मामांनी नेहमीचा अंगठाही टाकला नाही.

आता परवाना मिळतो. दोन वर्षांचे 100 डॉलर, त्याआधी अन्नसुरक्षेची परीक्षा. फ्रिजमध्ये ठेवावा लागेल असा पदार्थ चालत नाही, वर्षाची विक्री 50,000 डॉलरच्या आत हवी. हे स्वयंपाकघर आरोग्य खात्याने तपासलेलं नाही, असं आपणच लेबलवर छापायचं. आणि माल राज्याबाहेर पाठवायचा नाही. म्हणजे पेनसिल्व्हेनियातल्या नणंदेला मी नानकटाईचा डबा फुकट पाठवू शकते, विकत नाही. (ती खूश आहे.) कोणते पदार्थ चालतील याची यादी छापलेली आहे. त्यात बिस्किटं आहेत म्हणून नानकटाई बसली. चकली नाही. यादीबाहेरच्या पदार्थासाठी खात्याला वेगळं लिहून मंजुरी मागता येते, पण मी अजून भाजणीचं इंग्रजी करण्यातच अडकले आहे.

राज्याचा कागद हातात आला तरी घरातून धंदा करू द्यायचा की नाही, हे टाउनशिप, म्हणजे इथली नगरपालिका, ठरवते. माझा नानकटाईचा अर्ज तिथून परत आला. गिऱ्हाइकांच्या गाड्या कुठे लागणार आणि दारावर पाटी लावायची का, असे दोन आक्षेप होते. चिडचिड झालीच. खिडकीतली बाई आपल्याकडच्या कारकुनापेक्षा गोड होती असंही नाही. पण दोन्ही आक्षेप एकाच पत्रात होते, पुढे स्थानिक नियमाचं कलम दिलेलं होतं. पाटी रद्द केली, माल शनिवारच्या बाजारात देईन असं लिहून दिलं, विषय संपला. तिसरा आक्षेप तिला आयत्या वेळी सुचू शकला नाही, कारण तो पत्रात नव्हता.

इथली माणसं धुतल्या तांदळासारखी आहेत म्हणून हे होतं, असं कोणी समजू नये. एजंट इथेही आहेत. न्यूयॉर्कमध्ये बांधकाम परवान्याची फाईल पुढे ढकलणाऱ्यांची तर खुद्द शहराकडेच नोंदणी होते. कंपनी काढली की सरकारी वाटणारी पत्रं येऊ लागतात, अमुक प्रमाणपत्राचे इतके डॉलर भरा म्हणून, आणि ती निघतात खासगी दुकानदारांची.

म्हणून "परवाने बंद करा" हे मला पटत नाही. जिथे नको तिथे ते रद्द केलेच पाहिजेत. महाराष्ट्राने 2017च्या कायद्यात दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानाला गुमास्ता नोंदणीऐवजी नुसती सूचना पुरेशी केली, ते चांगलंच झालं. पण उकळत्या तेलाच्या कढईशेजारी सिलिंडर असणार. उद्या त्या गाळ्यात काही झालं तर मामाच विचारतील, परवानगी दिली कोणी? "सगळं ऑनलाइन करा" म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. भावाने अर्ज ऑनलाइनच भरलाय. मग त्याची प्रिंट काढून कार्यालयात नेऊन दिली, आणि त्रुट्या काउंटरवर, तोंडी!

तोंडी हाच रोग आहे. त्यावर कायदाही आहे, 2015चा लोकसेवा हक्क अधिनियम. अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली, अर्जाची पोच द्यायची, नाकारलं तर कारण लेखी द्यायचं, वर अपील, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड. नगरपालिकांचे बरेच परवाने त्यात येतात. मी भावाला विचारलं, कागद दिलेस त्याची पोच घेतलीस का?

बराच वेळ "टायपिंग" दिसत राहिलं. मग आलं, "ताई, पोच मागितली तर साहेबांना वाटेल मी तक्रार करणार आहे. नूतनीकरणाला परत त्यांच्याकडेच जायचंय."

यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. मला टाउनशिपच्या त्या बाईची भीती वाटत नाही, ती नाराज झाली तरी पत्रातलं कलम बदलत नाही. भावाला साहेबांची वाटते, आणि ती भीती खोटी नाही. तरी मी लिहिलं, "मागच. कोरा कागद आणि पेन घेऊन जा, त्रुटी लिहूनच मागून घे."

मंगळवारी जातो म्हणाला. खाली कढयांचा फोटो टाकला होता, अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या.