ढोरफोडीवरील गिधाडे कायमची घालवण्याविषयी

गावाबाहेरच्या ढोरफोडीवर, म्हणजे मेलेली ढोरे टाकण्याच्या जागेवर, उतरणाऱ्या गिधाडांच्या उघड्या माना पाहून आपणास किळस येत असेल, तर बंदूक, फासे किंवा विष यांपैकी कशाचीही तजवीज करू नये. आपल्या म्हाताऱ्या बैलावर प्रेम करावे, एवढे पुरे. वखर ओढून त्याचा खांदा सुजला किंवा तो लंगडू लागला, की त्याला डायक्लोफेनॅक हे दुखणे थांबवणारे औषध टोचून घ्यावे. ते स्वस्त आहे, आणि दोन दिवसांत बैल दगावलाच तरी ते वाया जात नाही. त्याचे मांस खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात, युरिक आम्लाचे पांढरे थर आतल्या अवयवांवर साचतात आणि पक्षी फांदीवर मान टाकून बसतो. प्रत्येक ढोराला टोचण्याची उधळपट्टीही नको. शास्त्रज्ञांच्या हिशेबाप्रमाणे शंभरात एकाहूनही कमी मेलेल्या ढोरांत हे औषध असले तरी भागते, कारण एका ढोरावर अख्खा थवा पंगतीला बसतो. पांढऱ्या पाठीची गिधाडे 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत हजारी एक उरली, ती अशीच.

जनावरांसाठी या औषधावर 2006 मध्ये बंदी आली, म्हणून खचून जाऊ नये. माणसांसाठीचे डायक्लोफेनॅक सुरूच होते, आणि माणसाला एका वेळी 3 मिली पुरत असताना बाटली 30 मिलीची मिळत असे. एवढी अवाढव्य कंबरदुखी गावात कोणाची, असे विचारण्याचा आगाऊपणा मेडिकलवाल्याने सहसा केला नाही. 2015 मध्ये तीही वाट 3 मिलीवर आणून अडवली गेली. तरी अ‍ॅसिक्लोफेनॅक होतेच, जे बैलाच्या अंगात गेल्यावर आपणहून डायक्लोफेनॅक बनते. त्यावर बंदी यायला 2023 उजाडले, त्यावरून सरकारलाही घाई नव्हती हे ध्यानात येईल. मेलॉक्सिकॅम मात्र चुकूनही मागू नये. त्याने बैलाचे दुखणे कमी होते आणि गिधाडाला काही होत नाही, म्हणजे आपला निम्मा हेतू फसतो.

आता ढोरफोडीवर शांतता नांदेल. वास येईल, पण वाऱ्याची दिशा नेहमी आपल्याच घराकडे असते असे नाही. शिवाय उरलेले मांस खायला कुत्रे येतील, आणि गिधाड जे काम तासाभरात उरकत असे ते कुत्रे कित्येक दिवस पुरवून पुरवून करतील. गिधाडे नाहीशी होऊन सडके मांस आणि रेबीज पसरवणारे कुत्रे वाढल्यामुळे 2000 ते 2005 या काळात भारतात सुमारे 5 लाख जादा माणसे दगावली, असा अंदाज दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2024 मध्ये मांडला आहे. पण अर्थशास्त्रज्ञांना पांदणीने रात्री ओलिताला जावे लागत नाही; ते आपणास जावे लागते, तेव्हा हाती काठी असू द्यावी.

काठी उपयोगी पडली नाही आणि कुत्रा चावलाच, तर जखम साबणाने पंधरा मिनिटे धुऊन तालुक्याची एसटी पकडावी (एवढा सल्ला खरा समजावा). तेथे रेबीजची लस मिळेल, आणि चावा खोल असल्यास जखमेत सीरमही टोचतील. हे सीरम पुष्कळदा घोड्यापासून मिळते: त्याला रेबीजची लस पुन्हा पुन्हा टोचतात, त्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार झाली की ते रक्त काढतात आणि कारखान्यात शुद्ध करून कुपीत भरतात. बैलाच्या दुखण्यावरचे औषधही कारखान्यातलेच होते, हा योगायोग मनाला लावून घेऊ नये. एका टोकाला बैल, दुसऱ्या टोकाला घोडा आणि मधे आपण, दोन्हीकडची पावती सांभाळून ठेवणारे. कधी त्या घोड्याचेच पाय दुखू लागले, तर त्याला काय टोचावे, हे सांगण्यास आता आपणच समर्थ आहात.