ब्लॅक फॉरेस्टच्या पुढेही जा

जर्मनीतल्या हस्तकलेवरचा तुमचा लेख छान आहे, पण ही हस्तकला म्हणजे ब्लॅक फॉरेस्ट या जंगली डोंगराळ भागातली कुकू घड्याळं आणि रोथेनबुर्ग गावातली दुकानं, इथेच त्याची गाडी थांबली. चेक सीमेला लागून असलेलं सॅक्सनी राज्यातलं झायफेन गाव राहूनच गेलं! हा एर्त्सगेबिर्ग डोंगराळ भाग मुळात खाणींचा. २०१९ पासून जागतिक वारसा यादीतही आहे. कथिलाच्या खाणी आटत गेल्या तशी माणसं लाकडाच्या खेळण्यांकडे वळली. नाताळात दिसणारा लाल डगलेवाला, अक्रोड फोडणारा लाकडी शिपाई १८७० च्या सुमारास इथल्याच फ्युश्टनर घराण्यात घडला.

पण खरी बघण्यासारखी गोष्ट वेगळीच. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या ओल्या लाकडाची गोल चकती लेथवर, म्हणजे लाकूड गरागरा फिरवणाऱ्या यंत्रावर, चढवतात आणि कारागीर तिला नुसत्या खाचा पाडत जातो. बघणाऱ्याला काही म्हणजे काही कळत नाही. मग चकतीची झालेली ती कडी उतरवून सुरी लावतो, केक कापावा तशी फोड निघते आणि तिच्या कापलेल्या बाजूला अख्खा घोडा! पाय, मान, शेपूट, सगळं. एका कडीतून असे कितीतरी. कान वगैरे बारीकसारीक नंतर हाताने. झायफेनच्या खुल्या आवारातल्या संग्रहालयात याचं प्रात्यक्षिक असतं, पाण्यावर चालणारा जुना लेथही आहे.

जायचं तर केम्निट्स शहरातून ओल्बर्नहाउ गावापर्यंत ट्रेन, पुढे झायफेनला बस. डिसेंबरातले शनिवार-रविवार मात्र टाळा, पाय ठेवायला जागा नसते. आणि खरेदी कारागिराच्या दारातच करा. महाग पडेल, पडू दे.